कोल्हापूरचा फिल्म फेस्टिव्हल आणि दोन खेळांमधला अर्धा तास

खरीकॉर्नर (धागाकर्ता)

किफबद्दल पेपरात छापून येतं ते उद्घाटनाचं, पुरस्कारांचं आणि कुठल्या देशाचे सिनेमे आले त्याचं. शाहू स्मारकाच्या पायऱ्यांवर दोन खेळांच्या मध्ये जे चालतं त्याबद्दल कुणी लिहीत नाही. माझ्या मते महोत्सवाचा निम्मा जीव तिथे असतो, म्हणून हा धागा काढतोय.

बाहेरगावच्यांसाठी थोडक्यात. किफ म्हणजे कोल्हापूर आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव. तो भरवते कलामहर्षी बाबूराव पेंटर फिल्म सोसायटी. दसरा चौकातलं राजर्षी शाहू स्मारक भवन हे त्याचं आम्हाला सवयीचं झालेलं घर. परदेशी सिनेमे, इतर भारतीय भाषांतले सिनेमे, मराठीचा वेगळा विभाग, शॉर्ट फिल्म्स असं सगळं असतं. तारे-तारका फारशा नसतात आणि त्यांच्यासाठी कुणी येतही नाही.

येतं कोण? शिवाजी विद्यापीठातली पत्रकारितेची पोरं, कलानिकेतनची चित्रकार मंडळी, गारगोटी-राधानगरीकडचे शिक्षक, निवृत्त एसटी कर्मचारी, दुपारच्या खेळाला हमखास येणाऱ्या राजारामपुरीतल्या मावश्या. पहिल्या दिवशी सगळे आपापल्या कोपऱ्यात असतात. तिसऱ्या दिवसापर्यंत गळ्यातल्या ओळखपत्रावरचं नाव वाचायची गरज उरत नाही. "काल रात्रीचा बघितलासा का?" एवढ्यावर ओळख होते आणि मग वेळापत्रकावर पेनाने केलेल्या खुणा एकमेकांना दाखवत पुढचा बेत ठरतो.

एक प्रसंग सविस्तर सांगतो, कारण मला काय म्हणायचंय ते त्यातूनच कळेल. जॉर्जियातला एक सिनेमा होता. दोन भाऊ, द्राक्षमळ्याची वाटणी, फार कमी संवाद. खेळ सुटल्यावर विद्यापीठातली तीन-चार पोरं लांबलचक शॉट्सबद्दल बोलत उभी होती. कॅमेरा का हलत नाही, दिग्दर्शकाला स्थिरतेतून काय सुचवायचंय वगैरे. शेजारी कागलकडचे एक शेतकरी काका चहा पीत होते. ते म्हणाले, "भांडण जमिनीचं न्हवंच की ते. थोरला पहिल्यापास्नं हिरीजवळच हुबा हाय. दोर टाकून रान मोजत्यात तवाबी त्यानं हिरीकडं पाठ केलेली न्हाई." मग त्यांनी सामाईक विहिरीवरची पाण्याची पाळी कशी असते ते समजावलं. कुणाची पाळी कधी, वीज रात्री आली तर काय, एकाने पाळी मोडली की पुढचा आठवडा कसा बिघडतो. पोरांनी सिनेमा मनातल्या मनात पुन्हा लावून बघितला आणि खरंच, थोरला भाऊ प्रत्येक प्रसंगात विहिरीपाशीच होता. मग गप्पा कॅमेऱ्याच्या जागेवर आल्या, पण आता त्यांना पाया होता.

हे घरी मोबाइलवर सिनेमा बघून मिळत नाही. पुढचा खेळ पाचच मिनिटांत सुरू होणार असता, तर तिथेही मिळालं नसतं.

माझं म्हणणं सरळ आहे. दोन खेळांच्या मध्ये अर्धा तास मोकळा सोडावा, त्यासाठी दिवसाला एक सिनेमा कमी झाला तरी चालेल. आणि निदान एक सभागृह तरी असं ठेवावं, जिथून सगळे एकाच दारातून बाहेर पडतील. हल्ली "सगळं मल्टिप्लेक्समध्ये न्या" असं बऱ्याच जणांचं म्हणणं असतं. तिथे खेळ सुटला की सरकता जिना थेट पार्किंगमध्ये नेतो. थांबायचं कुठे?

या गावाला तर असं बोलत बोलत सिनेमा करायची जुनी सवय आहे. बाबूराव मेस्त्री, म्हणजेच पुढचे बाबूराव पेंटर, आणि त्यांचे चुलतभाऊ आनंदराव हे मुळात नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे. सिनेमा बघितला आणि आपणही करायचा असं ठरवलं. कॅमेरा परदेशातून आणण्याऐवजी इथेच घडवायचा घाट घातला. आनंदराव १९१६ मध्ये गेले, बाबूरावांनी काम सोडलं नाही. दामल्यांच्या साथीने कॅमेरा उभा केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. भांडवलाला हात दिला तो गायिका तानीबाई कागलकरांनी. 'सैरंध्री' १९२० मध्ये पडद्यावर आला. त्याच कंपनीत शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर तयार झाले आणि १९२९ मध्ये त्यांनी सीताराम कुलकर्णींच्या जोडीने इथेच प्रभात फिल्म कंपनी सुरू केली. ती १९३३ मध्ये पुण्याला गेली. त्या दिवसांची आठवण म्हणून उभारलेल्या कॅमेरा स्तंभावरून आज आपण रोज गाडीने जातो. त्या काळी सुतार, पेंटर, गवई, पैलवान एका अंगणात बसून सिनेमाचं बोलायचे, म्हणून तो स्तंभ उभा राहिला असं मला वाटतं.

तुमच्या गावच्या महोत्सवात काय चालतं ते लिहा. असहमत असाल तर तेही लिहा.

---

पंचगंगाघाट

काळजातलं बोललास भावा. +१

पायऱ्यांवरच्या गप्पांत एक गोष्ट राहिली. रात्रीचा खेळ. पूर्वी मी शेवटचा खेळ सोडून निघायचे, कारण एकटीने परत जायचं जिवावर यायचं. मग दुपारच्या खेळाला भेटणाऱ्या आम्ही काही जणींनी ठरवलं की उशिराचा सिनेमा एकत्र बघायचा आणि घरी एकत्रच जायचं. एकीकडे गाडी, दुसरी तिच्या मागे, उरलेल्या रिक्षाने, आणि घरी पोहोचल्याचा मेसेज सगळ्यांना. आता त्या मैत्रिणी वर्षभराच्या झाल्या आहेत. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो आणि सिनेमा बघतो. पोरं, नवरे, सासवा, ज्याला बसायचं त्याने बसावं.

यातल्या एकीलाही मी महोत्सवाआधी ओळखत नव्हते. मध्ये चहाला वेळच नसता, तर कुणाला म्हणणार होते "येतेस का सोबत?"

---

डेक्कनक्वीन

धागा आवडला, पण पुण्याच्या बाजूने थोडा विरोध नोंदवतो.

पिफ, म्हणजे पुण्याचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २००२ पासून चालू आहे. अनेक पडदे, एकाच वेळी चार-पाच सिनेमे, एका चित्रपटगृहातून दुसऱ्यात पळापळ. अर्धा तास कुठला, जेवायला वेळ नसतो. तरीही ओळखी होतातच, कारण आमच्याकडे रांग आहे. चांगल्या सिनेमासाठी तास-तासभर आधी लोक उभे असतात. पुढचा मागच्याला पिशवी सांभाळायला सांगतो, मागचा विचारतो की सकाळचा रोमानियन कसा होता. मी निम्मे सिनेमे रांगेतल्या अनोळखी माणसांच्या शिफारशीवर बघितलेत आणि क्वचितच फसलोय. शिवाय निवड भरपूर असली की प्रत्येकाला आपल्या आवडीचं मिळतं. एकच सभागृह म्हणजे सगळ्यांनी तोच सिनेमा बघायचा.

---

खरीकॉर्नर

डेक्कनक्वीन, रांगेचं पटलं. पण सगळ्यांनी तोच सिनेमा बघायचा, हीच तर मला मोठी गोष्ट वाटते. तुमच्या रांगेत सांगणारा एक असतो आणि ऐकणाऱ्याने तो सिनेमा बघितलेला नसतो. त्यातून शिफारस मिळते. आमच्याकडे शंभर माणसांनी तीच गोष्ट आत्ताच बघितलेली असते, त्यामुळे वाद होतो. शेतकरी काकांचं म्हणणं पोरांना लगेच ताडून बघता आलं ते त्यामुळेच.

---

डेक्कनक्वीन

हे मान्य. पुण्यात असा वाद खऱ्या अर्थाने मला दोन ठिकाणी मिळाला. एक, लॉ कॉलेज रोडवर, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातल्या खेळांनंतर आवारात. दुसरं, शॉर्ट फिल्म क्लबांच्या खेळांना, जिथे दिग्दर्शक समोर असतो आणि प्रेक्षक त्याला सोडत नाहीत. दोन्हीकडे पडदा एकच, हे तुमच्या बाजूचं झालं.

---

जुनी रीळ

मी सत्तरच्या दशकात मुंबईत नोकरीला होतो आणि प्रभात चित्र मंडळ या फिल्म सोसायटीचा सभासद होतो. मंडळ १९६८ चं. तेव्हा हॉलिवूडबाहेरचा परदेशी सिनेमा बघायचा तर फिल्म सोसायटीशिवाय दुसरी वाट जवळपास नव्हतीच. प्रिंट कधी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातून यायची, कधी पोलंड, हंगेरी, चेकोस्लोव्हाकिया अशा देशांच्या वकिलातींकडून. पत्र्याच्या डब्यांत रिळं, डब्यावर आधीच्या सोसायटीचं लेबल तसंच चिकटलेलं. आपला खेळ झाला की डबे पुढच्या गावाला रवाना करायचे, कारण तिथले लोक वाट बघत असायचे.

तुमच्या अर्ध्या तासाबद्दल एक सांगतो. सोळा मिलिमीटरचं सोळाशे फुटांचं रीळ साधारण चव्वेचाळीस मिनिटं चालतं. बऱ्याच ठिकाणी प्रोजेक्टर एकच असे. म्हणजे पाऊण तासाने रीळ संपणार, दिवे लागणार, ऑपरेटर नवं रीळ चढवणार. तोवर बसल्या जागी चर्चा सुरू. गोष्ट अर्ध्यावर असताना! पुढे काय होईल यावर पैजा लागत, अनुवाद कुणाला कळला नसेल तर शेजारचा सांगे. कित्येकदा रीळ चढून तयार झालं तरी लोक बोलतच असत आणि ऑपरेटर दिव्याचं बटण दोनदा दाबून इशारा देई.

ही मोकळीक कुणी ठरवून दिलेली नव्हती, यंत्रामुळे मिळत होती. आता यंत्राला थांबायची गरज नाही. त्यामुळे माणसांनी ठरवून थांबावं लागेल. तुमच्या मागणीला माझा पूर्ण पाठिंबा.

---

भेळभत्ता

जुनी रीळ काका, अजून लिहा हो. वाखु (वाचनखूण) साठवली आहे.

---

आवाजघर

मी सिनेमासाठी ध्वनिमुद्रण करतो. मल्टिप्लेक्सबद्दलच्या परिच्छेदाशी असहमत.

स्वतंत्र सिनेमाकडे पैसा कमी असतो, मोठा नट नसतो, परदेशातली लोकेशन्स नसतात. त्याच्याकडे असतो तो वेळ आणि कान. गोठ्यातला आवाज, लांबची गिरणी, खोलीतली शांतता टिपायला आम्ही दिवसचे दिवस घालवतो. व्याख्यानांसाठी बांधलेल्या कुठल्याही सभागृहात आवाज भिंतींवर आपटून घुमतो. तिथे संवाद कळतात, शांतता मात्र ऐकू येत नाही. बाहेर लावलेला जनरेटर आत ऐकू येतो. तुमच्या त्या जॉर्जियन सिनेमात विहिरीचा रहाट कुठल्या बाजूने वाजत होता, हे चांगल्या चित्रपटगृहात पहिल्या पाच मिनिटांत कळलं असतं आणि मग काकांचं म्हणणं पोरांनाही आधीच सुचलं असतं.

गप्पा हव्यातच. पण ज्याच्याबद्दल गप्पा मारायच्या ती गोष्ट नीट पोहोचणं आधी येतं. चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' घ्या, रोहन कानवडेंचा 'साबर बोंडं' घ्या. एकाला व्हेनिसमध्ये, दुसऱ्याला सनडान्समध्ये पहिल्या प्रतीचा पुरस्कार मिळाला. तिथल्या प्रेक्षकांना उत्तम पडदा आणि उत्तम आवाज मिळाला. आपल्या माणसांनी आपल्याच भाषेतला सिनेमा त्याहून कमी प्रतीत का बघावा?

---

खरीकॉर्नर

शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, कारण तो बरोबरच आहे. मग असं करता येईल का: ध्वनीवर उभे असलेले सिनेमे चांगल्या चित्रपटगृहात, पण त्यानंतरची चर्चा ठरवून, जागा सांगून, चालत जाता येईल अशा अंतरावर? नुसतं "प्रश्नोत्तरं होतील" एवढ्यावर भागत नाही. बसायला जागा आणि चहा लागतो.

---

पडद्यामागे

मी एका छोट्या महोत्सवात प्रोजेक्शनच्या बाजूला स्वयंसेवक असतो. कुठल्या ते महत्त्वाचं नाही, सगळीकडे कहाणी सारखीच. अर्धा तास मोकळा ठेवण्याचं एक तांत्रिक कारणही आहे, ते प्रेक्षकांना सहसा माहीत नसतं.

आता सिनेमा डीसीपी म्हणून येतो, म्हणजे हार्ड डिस्कवरच्या फायलींचा संच. एका सिनेमाचा आकार शंभर-दोनशे जीबी सहज. तो आधी चित्रपटगृहाच्या सर्व्हरवर चढवावा लागतो आणि त्यातच बराच वेळ जातो. बरेच डीसीपी कुलूपबंद असतात. त्यांची किल्ली, म्हणजे केडीएम, निर्माता किंवा वितरक वेगळी पाठवतो. ही किल्ली ठरावीक सर्व्हरसाठीच आणि ठरावीक वेळेपुरतीच चालते. संध्याकाळी सहापासून किल्ली चालू होणार असेल तर साडेपाचला सिनेमा उघडतच नाही. आयत्या वेळी पडदा बदलला तर ती निरुपयोगी, नवी मागवावी लागते. आणि ती देणारा माणूस आठ-दहा तासांच्या फरकाने दुसऱ्या देशात झोपलेला असतो! "वेळापत्रक का बदलत नाही, शेवटी तुमच्याच हातात आहे" असं प्रेक्षक म्हणतात तेव्हा हे सगळं सांगायला वेळ नसतो.

किल्ली उघडली तरी तपासणी उरते. चित्राची चौकट बरोबर आहे का, जुन्या चौकोनी सिनेमातली माणसं डोक्याशी कापली जात नाहीत ना, उपशीर्षकं पडद्याच्या आत आहेत का, सगळ्या स्पीकर्समधून आवाज येतोय का. हे दोन खेळांच्या मध्येच करायचं असतं. पाच मिनिटांत करणार काय?

हिशोबही मांडून बघितला. सिनेमे सरासरी एकशे दहा मिनिटांचे धरले तर पाच खेळांचे नऊ तास दहा मिनिटं. मध्ये चार वेळा अर्धा तास म्हणजे आणखी दोन. सकाळी साडेनऊला सुरू केलं तर रात्री आठ चाळीसला शेवटचा सुटतो. म्हणजे एकही सिनेमा कमी करायची गरज नाही. गणित बिघडतं ते उद्घाटनाची भाषणं आणि सत्कार दुपारच्या खेळावर चढतात तेव्हा.

---

सीमाभाग

बेळगावहून आहे. दोन शंका.

एक. महोत्सवाला एका सिनेमाचं सुटं तिकीट का मिळत नाही? माझ्यासारखीला दोनच दिवस येणं जमतं, तरी पूर्ण नोंदणी करावी लागते.

दोन, आणि ही मोठी. उपशीर्षकं इंग्रजीत असतात. माझ्या आईला सिनेमाचं वेड आहे, कन्नड आणि मराठी दोन्ही झरझर वाचते, पण पळती इंग्रजी अक्षरं तिला झेपत नाहीत. "मी येऊन काय करू?" म्हणते. महोत्सव गावाचा असेल तर तिचाही असायला हवा ना?

---

पडद्यामागे

पहिल्याचं उत्तर देतो. महोत्सवातल्या बहुतेक परदेशी सिनेमांना आपल्याकडचं सेन्सॉर प्रमाणपत्र नसतं. केंद्राच्या माहिती व प्रसारण खात्याकडून महोत्सवापुरती सूट घ्यावी लागते आणि ती मिळते नोंदणीकृत प्रतिनिधींसाठीच्या, धंदा म्हणून न केलेल्या प्रदर्शनाला. सिनेमांची यादी, त्यांचा सारांश, आधी बघणाऱ्या समितीचा अभिप्राय हे सगळं जोडायचं असतं. त्यामुळे खिडकीवर येणाऱ्या कुणालाही तिकीट देणं बसत नाही. फिल्म सोसायटीतही सभासदत्व घ्यावं लागतं ते याच धर्तीवर.

दुसऱ्याचं उत्तर माझ्याकडे नाही. प्रश्न अगदी खरा आहे.

---

मांडवीकिनारी

गोव्यातून. इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २००४ पासून पणजीत मुक्कामाला आहे, त्यामुळे आमच्याकडे जगभरचा सिनेमा घरबसल्या येतो आणि त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण तिथे सगळा वेळ मोबाइलवर पुढच्या दिवसाची जागा राखण्यात जातो आणि माणसं देशभरातून आलेली, महोत्सव संपला की पांगतात. मला सगळ्यात आवडतं ते जुन्या जीएमसीपासून (गोवा मेडिकल कॉलेजची जुनी इमारत) नदीच्या कडेने कला अकादमीपर्यंत चालत जाणं, कारण तेवढ्या चालण्यात अनोळखी माणसाशी बोलणं होतं. म्हणजे तुमचा अर्धा तास आम्ही पायी काढतो. मात्र वर्षभर पुन्हा भेटतील अशी माणसं छोट्या गावच्या महोत्सवातच मिळतात, त्याचा हेवा वाटतो.

---

मागावरचा

मी इचलकरंजीचा. यंत्रमागावर काम करणाऱ्या माणसाची शॉर्ट फिल्म केली होती. बाप रात्रपाळी करून येतो, पोरगं झोपलेलं असतं, बाप बायकोशी हळू आवाजात बोलतो, एवढाच प्रसंग. एका महोत्सवात दाखवली. खेळानंतर मंचावरून प्रश्न आले ते नेहमीचे: बजेट किती, कॅमेरा कुठला, नट कुठून आणले.

बाहेर आलो तेव्हा एक बाई थांबल्या होत्या. त्यांचे यजमान तीस वर्षं मागावर होते. म्हणाल्या, "सिनेमा गोड केलाय बाळा. पण मागावरचा माणूस हळू बोलत नाही. कारखान्यात आयुष्यभर ओरडून बोलायची सवय आणि कान गेलेले. आमचे हे रात्री येऊन हळू म्हणून जे बोलायचे ते गल्लीला ऐकू जायचं. पोरं त्या आवाजातच झोपायला शिकली."

मंचावर माइक हातात घेऊन त्या हे बोलल्या नसत्या. आता मी त्याच घराची मोठी गोष्ट लिहितोय. त्यात बाप मोठ्यानेच बोलतो आणि पोरगं शांत झोपलेलं असतं. सगळा प्रसंग त्या एका वाक्याने उभा राहिला.

सिनेमा करणाऱ्यांनो, आपला खेळ झाला की लगेच गाडीत बसू नका. थांबा.

---

पंचगंगाघाट

मागावरचा, अंगावर काटा आला. सिनेमा पुरा करा आणि इथे दाखवायला आणा. आमची अख्खी टोळी येईल.

---

खरीकॉर्नर

सीमाभाग, तुमच्या आईंच्या प्रश्नावर दोन दिवस विचार करतोय.

जॉर्जियन सिनेमावाल्या काकांबद्दल एक गोष्ट वर लिहायची राहिली. त्यांना इंग्रजी येत नाही. सोबत कॉलेजात जाणारा पुतण्या होता, त्याने आत जाण्याआधी एवढंच सांगितलं होतं की दोन भाऊ आहेत आणि वाटणी चालू आहे. बाकी सगळं त्यांनी नुसतं बघून ओळखलं. आम्ही सगळे पडद्याच्या तळाशी अक्षरं वाचत होतो, तेव्हा ते थोरल्या भावाकडे बघत होते. विहीर त्यांनाच दिसली याचं हेही एक कारण असणार.

म्हणून उपशीर्षकं नकोत असं नाही. संवादांवर चालणारा सिनेमा त्यांच्याशिवाय कळणारच नाही. पण तुमच्या आईंना आत आणायला पूर्ण भाषांतराची वाट बघायची गरज नाही. पुतण्याने जे केलं तेवढं आपण करू शकतो. प्रत्येक सिनेमाला अर्धं पान मराठीत: माणसं कोण, नाती काय, गाव कुठलं, त्या देशात तेव्हा काय चाललं होतं. शेवट सांगायचा नाही. दाराशी छापून ठेवायचं आणि खेळाआधी कुणीतरी तीन-चार मिनिटं उभं राहून तेच तोंडी सांगायचं. पुढच्या खेपेला मी आयोजकांना भेटून हे सुचवणार आहे. पण "सुचवलं आणि घरी गेलो" असं नको. लिहिणारी माणसं सोबत घेऊनच जायचं आहे. कोण कोण लिहील?

---

डेक्कनक्वीन

पूर्व युरोपातले सिनेमे माझ्याकडे द्या. लांबून लिहायला काही अडचण नाही.

---

आवाजघर

मी एकाही सिनेमाचा सारांश लिहिणार नाही, पण दाराशी बोलणाऱ्यांना सांगेन की काय ऐकायचं. सभागृहाचा आवाज आदल्या दिवशी तपासायलाही येतो. जाड पडदे कुठे लावले की घुमणं कमी होईल ते बघून सांगता येतं आणि त्याला फार खर्च नाही.

---

जुनी रीळ

मुंबईत आमच्या मंडळात अशी परिचयपत्रकं निघत. सायक्लोस्टाइल केलेली, हाताला शाई लागायची. माझ्याकडे एक फाइल अजून आहे. नमुन्यासाठी काही पानांचे फोटो टाकतो. दिग्दर्शकाचं चरित्र लांबवू नका, लोक ते वाचत नाहीत. नात्यांची नावं मात्र पहिल्या चार ओळींत हवीत.

---

सीमाभाग

आईला धागा वाचून दाखवला. तिने काकांचा आणि मागावरच्या बाईंचा भाग दोनदा वाचायला लावला. दक्षिणेकडच्या सिनेमांची, निदान कन्नड सिनेमांची अर्धी पानं मी लिहिते. ती तपासणार आहे, कारण गावाकडची कन्नड तिला माझ्यापेक्षा चांगली कळते.

तिने एक सूचना द्यायला सांगितली आहे. अक्षर मोठं ठेवा आणि कागद पांढरा घ्या. रंगीत कागदावरचं आतल्या उजेडात वाचता येत नाही.

---

पडद्यामागे

आईंना सांगा, टंकन आणि छपाई माझ्याकडे. अठराचा टाइप, पांढरा कागद, एका बाजूला. यादी हातात आली की प्रत्येकाला सिनेमा वाटून देतो, लिहायला आठ दिवस पुरतील ना?

---

डेक्कनक्वीन

दहा द्या. सिनेमा आधी बघायला मिळाला तर आठ.